सतरा नंबरची खुंटी

मी भांडायला गेले होते, हे आधीच सांगून ठेवते. प्रेमात-बिमात पडायला नाही!

बंद पडलेल्या कारखान्याच्या गोदामात सिनेमाचा सेट लागला होता. दारातच एकजण उकिडवा बसून कोऱ्या खुर्चीला फडक्याने काळा चहा चोपडत होता. तोंडात चार खिळे. मी तणतणत आत शिरले, पाय त्याच्या पातेल्याला लागला आणि सगळा चहा त्याच्या शर्टावर.

"वा!" खिळे हातात काढून तो म्हणाला. "शर्ट एका मिनिटात पंचेचाळीस वर्षं जुना झाला. मला दिवसभर लागला असता."

"दिग्दर्शक कुठे आहेत?"

"जेवताहेत. मी सेट उभारतो. भांडण असेल तर मलाही चालेल... सवय आहे."

"तुमच्याशी काय भांडू? खोटं तुम्ही लिहिलंय का?"

माझा आवाज चढला, आणि मग मी थांबलेच नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी भरदुपारी धरण फुटलं, तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकच ऑपरेटर होती. माझी आत्या. वय बावीस. एकेका गावाला फोन लावून तिने माणसं टेकडीवर चढवली. फक्त खालच्या वस्तीला निरोप पोचला नाही. लोक म्हणाले, पोरगी घाबरली, बोर्ड सोडून पळाली. चौकशीत ना हे ठरलं ना ते, पण बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? आत्याने नोकरी सोडली, शहर सोडलं. आपण काय काम करायचो हे तिने घराबाहेर पुन्हा कुणाला सांगितलं नाही. आणि आता हे शहाणे 'सत्य घटनेवर आधारित' असं ठळक अक्षरांत लिहून दाखवणार, की ऑपरेटर प्रियकराच्या मोटारसायकलवर बसून पळाली! पेपरात छापून आलं. आत्याने वाचलं, पेपरची घडी घातली आणि दोन दिवस जेवली नाही.

तो उठून उभा राहिला. चेष्टा गेली होती.

"आत्या... आहेत?"

"आहेत म्हणजे? ठणठणीत आहे!"

"आम्हाला लेखकाने सांगितलं, त्या वारल्या म्हणून."

"मग त्याला सांगा, माणूस मारायच्या आधी एकदा दार वाजवून बघत जा!"

तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, "निदान एक्स्चेंजचा बोर्ड तरी बघा. भांडण कुठे पळून जात नाही."

मी धुसफुसत त्याच्यामागे गेले. काळपट लाकूड, पितळी भोकांच्या ओळी, कापडात गुंडाळलेल्या वायरी... कडेला कोपर टेकून टेकून झिजलेला पट्टासुद्धा.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"फोटोने." त्याने खिशातून काळापांढरा फोटो काढला. "पाणी ओसरल्यावर त्याच संध्याकाळी काढलेला. एका फोटोग्राफरच्या मुलाकडे पत्र्याच्या पेटीत पडला होता. फोटोत आहे ते मी ठेवलं, नाही ते नाही."

माझी नजर सतरा नंबरच्या भोकावर गेली. त्यात एक लाल लाकडी खुंटी बसवलेली होती.

"ही... ही कशाला?"

"फोटोत होती. मला वाटलं, भोक खराब झालं असेल."

मी बोर्डाची कड धरली. त्याने पटकन ती चहाची ओली खुर्ची पुढे ओढली आणि मी बसलेसुद्धा.

"तीनदा घंटी वाजवायची," मी म्हणाले. "तिन्ही वेळा उत्तर आलं नाही, तर लाइन मेली. मग त्या भोकात खुंटी लावायची, म्हणजे पुढच्या ऑपरेटरचा वेळ जात नाही. सतरा नंबर म्हणजे खालची वस्ती. आत्याने चौकशीत ओरडून सांगितलं, मी वाजवलं, खुंटी लावली. तोवर बोर्ड साफ झाला होता. पुराव्याला काही उरलं नव्हतं हो!"

तो फोटोकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. फार वेळ बघितलं, खरं सांगायचं तर.

तेवढ्यात दिग्दर्शक आले, दात कोरत. सगळं ऐकलं आणि हसले. "खुंटी कोण बघतंय, बाई? लोक रडायला येतात, भोकं मोजायला नाही. काढ रे ती."

"मग सत्य घटना कशाला म्हणता?" मी उसळले. "लिहा ना, 'आमच्या मनाला येईल तसं'! माझ्या आत्याचं आयुष्य काय वाटेवर पडलंय?"

"खुंटी राहील," तो शांतपणे म्हणाला. "आणि पळून जायचा प्रसंग राहिला, तर फोटो मी पेपरवाल्यांना देईन. इथला खिळा न् खिळा खरा आहे, असं तुम्हीच सांगितलंय त्यांना."

"तुला पुन्हा काम मिळणार नाही, कळतंय ना?"

"खुर्च्या करीन. ह्यांना चहा लावलेली आवडलेली दिसते."

दोन दिवस शूटिंग बंद होतं. तिसऱ्या दिवशी मोटारसायकल गेली, खुंटी राहिली. त्यालाही घरी पाठवलं.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. पुढच्या आठवड्यात स्वारी दुकानात हजर.

"लांबचं नीट दिसत नाही," तो म्हणाला.

मी तपासलं. "डोळे स्वच्छ आहेत तुमचे."

"मग जवळचं तपासा..." आणि तो पाटीवरची अक्षरं सोडून भलतीकडेच बघत बसला. मी भिंग त्याच्या नाकावर जरा जोरातच टेकवलं.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि फोटो आत्यापुढे ठेवला. आत्याने दुकानातलं मोठं भिंग मागितलं. कितीतरी वेळ ती नुसती सतरा नंबरवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "जेवून जा रे." त्या दिवशी ती स्वतःही पोटभर जेवली. पुढे तो दर रविवारी यायला लागला. कधी खिडकीची कडी बसवायला, कधी ती बसवलेली कडी बघायला. आत्या त्याला 'खिळेवाले' म्हणायची आणि मी... मी काहीच म्हणायचे नाही, नुसती भांडायचे.

सिनेमा लागला. दुपारचा खेळ, आत्या आमच्या दोघांच्या मध्ये. पडद्यावर नटीच्या ओठांना लिपस्टिक, महापुरातसुद्धा केस जागच्या जागी! मी दात-ओठ खात होते. मग एक हात पुढे आला. घंटी वाजली. एकदा... दोनदा... तीनदा. हाताने खुंटी उचलली आणि सतरामध्ये बसवली.

आत्याच्या पुढच्या रांगेतल्या बाई हळहळल्या, "बिचारी पोर!"

"बिचारी कसली?" आत्या म्हणाली. "मी आहे ती."

आख्खी रांग वळून बघायला लागली. आत्याने पदराआड तोंड लपवलं नाही, ताठ बसून राहिली.

शेवटी नावं आली. चहावाल्याचंसुद्धा नाव होतं, ह्याचं नव्हतं. बाहेर जिन्यावर मी कडाडले, "हे काय? बोर्ड काय आभाळातून पडला? मी आत्ता जाऊन—"

"खिळेवाले," मागून आत्या म्हणाली, "खुंटी लाल नव्हती हो. पिवळी होती."

त्याचा चेहरा पडला. "फोटो काळापांढरा होता..."

"मग विचारायचं नाही?" मी त्याच्यावर घसरले. "दर रविवारी घरात असता!"

"विचारायलाच यायचो. पण तू दार उघडायचीस आणि मग... डोक्यात दुसराच प्रश्न यायचा."

तू! पहिल्यांदाच. माझा सगळा राग कुठे गेला, कुणास ठाऊक.

"मग तो तरी विचार," मी म्हणाले.

"लग्न करशील माझ्याशी?"

"करीन. पण आपली गोष्ट कुणी विचारली, तर खरी सांगायची. पातेल्याला माझा पाय चुकून लागला होता."

"चुकून? तू लाथ मारलीस!"

"काहीतरीच काय!... बरं, मारली असेल जराशी."

तो हसला आणि त्याने माझा हात धरला. आत्याला सांगायला मी मागे वळले, तर तिचं लक्षच नव्हतं. दोन पायऱ्या वर ती त्या पुढच्या रांगेतल्या बाईंशी बोलत होती. भोवती सात-आठजण जमले होते. "सतरा नंबर म्हणजे खालची वस्ती," ती सांगत होती, हवेत बोटाने भोकांच्या ओळी काढत. "तीनदा वाजवलं मी. तीनदा!"

पंचेचाळीस वर्षांनी ती सांगत होती. आम्ही तिला हाक मारली नाही.