रेंजचा दगड

लोणावळ्याजवळच्या औंढ्यातलं सारिकाचं सेवा केंद्र म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं मशीन आणि दाराबाहेर एक लाकडी बाक. सातबारा घ्या, उत्पन्नाचा दाखला घ्या, पीकविमा भरा, सगळं इथं होतं. फक्त नेट चालू पाहिजे, आणि गणपतीपासून नेमकं तेच चालत नव्हतं. रस्त्याचं काम निघालं होतं. जमिनीखालची केबल कुठं आहे हे जेसीबीवाल्याला ती तुटल्यावरच कळायचं. एक दिवस जोडली की तिसऱ्या दिवशी पुन्हा तुटायची.

"ताई, उद्या नक्की," केबलवाला म्हणायचा. त्याचा उद्या काही उजाडत नव्हता.

त्यात नोव्हेंबर तोंडावर आला. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शन खाणाऱ्या प्रत्येकानं वर्षातून एकदा मशीनवर अंगठा ठेवायचा आणि आपण अजून जिवंत आहोत हे वर कळवायचं, नाहीतर पेन्शन बंद. घाटातले रेल्वेचे रूळ सांभाळून म्हातारी झालेली माणसं या भागात भरपूर, आणि त्यांच्या मागं राहिलेल्या बायकाही भरपूर. यांचे दाखले इथं निघाले नाहीत तर ती वडगावला जाणार, आणि एकदा वडगावला गेलेलं माणूस पुन्हा सारिकाच्या बाकावर कशाला बसेल? केंद्र तिनं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं, सासरच्यांचे टोमणे ऐकून. ते असं बसू द्यायची तिची तयारी नव्हती. तिनं सिमवर चालणारं राउटर मागवलं.

बसवायला लोणावळ्याचा विक्की आला. बंगल्यांना कॅमेरे आणि राउटर बसवून देणं हा त्याचा धंदा, आणि तोंडाचा पट्टा कायम चालू.

"दोन सिम घाल, दोन वेगळ्या कंपन्यांची. एक पडलं की दुसरं आपोआप उचलतं. लाइट गेली तर खाली बॅटरी आहे. जेसीबीचा बाप आला तरी तुझं नेट तुटत नाही बघ."

पत्र्याखाली रेंज दबते म्हणून त्यानं अँटेना बाहेर, खांबावर चढवला आणि त्याचं तोंड लोणावळ्याच्या टॉवरकडं केलं. दोन काड्या आल्या. "चालेल, पण पळणार नाही," असं म्हणत तो शिडी उतरायला लागला, तोच त्याचा खांदा लागून अँटेनाचं तोंड गर्रकन डोंगराकडं फिरलं.

"अरे विक्की, पाच काड्या!" सारिका आतून ओरडली.

विक्की परत चढला. टॉवरकडं केलं की दोन, डोंगराकडं केलं की पाच. त्यानं चारदा करून बघितलं.

"तिकडं कुठला टॉवर आहे?"

"तिकडं काय नाही. रेंजचा दगड आहे नुसता."

"मग डोंगरावर आपटून येत असेल. होतं असं कधीकधी. चालत्या गाडीला खीळ घालू नको," विक्की म्हणाला आणि त्यानं स्क्रू आवळून टाकले.

गावाजवळ टॉवर यायच्या आधी फोनला रेंज मिळायची ती फक्त डोंगराच्या सोंडेवरच्या त्या काळ्या दगडापाशी. सोयरिकी तिथं जुळल्या, मोडल्याही तिथंच. टॉवर आला आणि दगडाकडं कोणी फिरकेना. एकटा भिकाजी तेवढा जात राहिला. रेल्वेतून रिटायर झालेला, हट्टी माणूस. घरात रेंज येत असली तरी रोज अकराला दगडापाशी जायचा आणि नाशिकच्या लेकीला, तेजलला, फोन लावायचा. तीन वर्षांपूर्वी असाच बोलता बोलता दगडाला टेकला, तो टेकलाच. फोन चालू राहिला होता. तेजल तिकडून अर्धा तास "आबा, आबा" करत होती. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सारिका जेवायला गेली होती, त्याच्या फोटोला तिनं फुलंही वाहिली होती.

एक तारखेला बाकावर पहिली येऊन बसली ती भिकाजीची बायको, शालनमावशी. जन्मभर शेतात आणि दगडमातीत राबलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषा त्या कसल्या राहणार! मशीनच्या दोनच बोल्या. ठसा पुसट असला की पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' येतं, आणि काचेवर काहीच नसलं की 'बोट ठेवा'. दरवर्षी शालनमावशीला पंधरा-वीस वेळा 'पुन्हा प्रयत्न करा' ऐकावं लागायचं.

"तुमच्या मशीनला माझा अंगठा काय पटत न्हाई बघ," असं म्हणत तिनं तो काचेवर टेकवला. खालचा लाल दिवा लागला आणि पहिल्याच दमात दाखला निघाला.

"अगं बया! झालं बी?"

झालं होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच पहिल्या दमात झालं. चार दिवसांत आसपासच्या गावांत बोभाटा झाला की सारिकाच्या मशीनला अंगठा लागतो. बेगडेवाडीहून लोकलनं माणसं येऊ लागली. बाक पुरेना, तेव्हा सारिकानं घरातली सतरंजी आणून ओट्यावर टाकली. सासूनं पहिल्यांदाच न सांगता चहा करून पाठवला. सारिकाला काय वाटलं म्हणून सांगू! तिच्या छातीवरचा धोंडाच उतरला.

सहा तारखेला दिवसाचं काम आवरताना तिनं नेहमीप्रमाणे वही आणि पोर्टल ताडून पाहिलं. वहीत चौदा नावं होती, पोर्टलवर पंधरा. जास्तीचं नाव होतं भिकाजीचं. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. ठसा जुळला. हयात.

तिनं तीनदा वाचलं. मग मदतीच्या नंबरावर फोन लावला.

"मॅडम, ठसा जुळल्याशिवाय दाखला निघतच नाही," पलीकडचा मुलगा म्हणाला. "माणूस तुमच्यासमोर बसलेला असणार."

"माणूस नाही हो समोर. माणूसच नाही."

"मग पुन्हा तपासा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सारिका भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. बी. कॉम. झालेली बाई, कुठंतरी आकड्यांची गल्लत असणार असं धरून चालली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिनं सगळ्यांना बाहेर बसवलं आणि आत एकटीच मशीनकडं बघत राहिली. खुर्ची रिकामी होती. अकरा-दहाला काचेखालचा लाल दिवा लागला. काचेवर वाफ धरली, थंडीत आरशावर तोंडानं धरते तेवढीच. त्या वाफेत एक लांबट गोल उमटला, मधोमध दाबलेला. मग दिवा विझला आणि काच कोरडी झाली.

पोर्टलवर पुन्हा भिकाजीचं नाव आलं होतं.

सारिका धावत बाहेर आली. ती तशीच शिडीवर चढली आणि अँटेनाचं तोंड टॉवरकडं फिरवलं. दोन काड्या राहिल्या. पुढच्या दिवशी अकरा-दहाला काहीच झालं नाही. पण अंगठेही लागेनात. 'पुन्हा प्रयत्न करा', 'पुन्हा प्रयत्न करा'. दुपारपर्यंत दोन दाखले निघाले.

"काल तर झटक्यात व्हत हुतं," बेगडेवाडीचे एक आजोबा कुरकुरले. "चला रं, वडगावला जाऊ."

चौघं उठून गेली. सारिका त्यांच्या पाठीकडं बघत उभी राहिली. मग पुन्हा शिडी लावली आणि अँटेना डोंगराकडं केला. कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिनं तो आपल्या हातानं फिरवला.

डिसेंबर लागला. महिना भरून निघाला होता, सगळे खूश होते. आणि एका सकाळी शालनमावशी बँकेचा कागद पदराखालून काढत आली.

"जयभीम गं पोरी. माझी पेन्शन थांबली. बँकेतला साहेब म्हंतो, मावशी, तुमचे मालक हयात हायेत. मंग तुमाला विधवेची कशी द्यायची? आता गोळ्या कशानं आनू मी?"

सारिकानं कागद हातात घेतला. "चूक झालीय मावशी. माझ्याच मशीनची." याहून जास्त तिच्यानं सांगवेना. "तुम्ही एक प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. पती हयात नाहीत, असं. मी लिहिते, तुम्ही अंगठा द्या."

मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसली.

"खरंच हयात म्हून लिवलंय का गं तितं?"

"हो."

"आन् म्या अंगठा दिऊन सांगायचं, न्हाई म्हून?"

"त्याशिवाय पेन्शन सुटायची नाही."

"लय राग यील त्यास्नी," मावशी म्हणाली आणि एकदम हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुला ठाव न्हाई त्यो मानूस. म्या एक बोलले की त्यो एक बोलायचा. एक दिस म्या जेवले न्हाई, तर दुसऱ्या दिवशी त्यो जेवला न्हाई. फिट्टंफाट केल्याबिगर झोप यायची न्हाई त्यास्नी."

"मावशी, नको वाटत असेल तर..."

"गोळ्या कोन दील? घे."

तिनं अंगठा ठेवला. दिवा लागला, ठसा जुळला. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "उंद्या यीन बगाया, काम झालं का," आणि काठी टेकत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. ती बाकावर बसली. सारिकानं तिला चहा दिला आणि आत येऊन पोर्टल उघडलं.

काचेखालचा दिवा लागला आणि विझला.

यादीत नवीन ओळ आली. दाखला नव्हता. प्रतिज्ञापत्र होतं.

अर्जदार: भिकाजी. मजकूर: पत्नी शालन हयात नाही. ठसा जुळला.

बाहेर मावशी फुर्र करून चहा पीत होती.

सारिका उठली. शिडी लावली. अँटेना टॉवरकडं फिरवला, स्क्रू आवळले, राउटर बंद करून पुन्हा चालू केलं. दोन काड्या. रोजचं, साधं, रडतखडत चालणारं नेट. तिनं आधी आपला अंगठा ठेवून पाहिला. मशीननं तो घेतला.

"मावशी, जरा आत या. अंगठा पुन्हा एकदा द्या."

"परत? बरं बाई."

पुसट म्हणू दे, सारिका मनात म्हणत होती. वीस वेळा म्हणू दे, पुन्हा प्रयत्न करा.

मावशीनं अंगठा पदराला पुसला आणि काचेवर दाबला. नख पांढरं होईपर्यंत दाबला. दिवा लागला नाही.

"काय म्हंतंय गं?" मावशीनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

सारिकानं पडद्यावरची अक्षरं वाचली. मग मावशीच्या अंगठ्याकडं बघितलं. मग पुन्हा अक्षरं वाचली.

"बोट ठेवा म्हणतंय."

"ठेवलंय की गं," मावशी म्हणाली.