वाचनालयाच्या गच्चीवरचं बदक

"अगं, बादली भरली बघ!" साइव म्हणाली. गॉबनेटनं बादली मोरीत ओतली आणि पुन्हा गळत्या छताखाली सरकवली.

ईस्टरच्या सुट्टीत दोघी मैत्रिणी रोज वाचनालयात येत. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या टेकडीवरची ही सपाट छताची काँक्रीटची इमारत गॉबनेटच्या आजोबांच्या तरुणपणी बांधलेली. घरी सहा भावंडांचा नुसता शिमगा, त्यामुळे निवांत वाचायला तिला जगात हा एकच कोपरा होता. आणि तोच आता पाडणार होते! नगरपालिकेचे इंजिनियर कॉटर यांनी काँक्रीट सडल्याचं ठरवून टाकलं होतं. आज ते शेवटची पाहणी करायला येणार होते. ग्रंथपाल लेहेनबाई डोळे पुसत पुस्तकं खोक्यांत भरत होत्या.

गॉबनेट मात्र बादलीकडे बघत बसली. परवापासून कॉर्कला न शोभणारं कडकडीत ऊन पडलं होतं.

"साइव, पाऊस नाही, मग हे पाणी येतंय कुठून?"

बाईंची नजर चुकवून दोघी मागच्या लोखंडी शिडीनं वर चढल्या. गच्चीवर आधीच्या पावसाचं तळं साचलं होतं आणि त्यात एक बदक ऐटीत पोहत होतं. गॉबनेटनं पाणी जायच्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला. शेवाळात रुतलेला हर्लिंगचा, म्हणजे काठीनं खेळायच्या आयरिश खेळाचा, चेंडू निघाला. मग दुसरा, तिसरा. खालच्या भिंतीवर 'चेंडू खेळू नये' अशी पाटी होती, म्हणून सगळी पोरं तिथंच खेळायची. चेंडू वर गेला की तोंडात मिठाची गुळणी धरून घरी. सांगणार कोण?

शेवटचा चेंडू निघाला आणि पाणी धो धो पाइपातून खाली गेलं. खाली नेमके कॉटरसाहेब उभे होते.

"कुणाची कार्टी आहेत ही?" ते गरजले.

गॉबनेट चेंडू घेऊन खाली उतरली आणि म्हणाली, "साहेब, पाइप तुंबला होता. तुम्ही वर चढून बघितलं होतंत?"

आवाज ऐकून बाहेर आलेल्या लेहेनबाईंनी एक चेंडू पुसला. चामड्यावर तापल्या खिळ्यानं कोरलं होतं : डॉमिनिक कॉटर.

साहेब कानापर्यंत लाल झाले. "हा हरवला म्हणून बापानं बडवलं होतं मला," ते पुटपुटले आणि एकदम खो खो हसत सुटले. मग ओल्या बुटांनी स्वतः वर गेले, हातोडीनं ठोकून आले. काँक्रीट ठणठणीत होतं.

"पाडायचं रद्द," ते म्हणाले. "शाबास पोरींनो, डोळ्यांत अंजन घातलंत माझ्या."

लेहेनबाईंनी खोक्यातलं पहिलं पुस्तक काढून गॉबनेटच्या हाती दिलं. ती आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. बादलीत एक शेवटचा थेंब पडला आणि वाचनालय शांत झालं.