गारखोलीतली हवा

कस्तुरीची आई गेली तेव्हा सगळ्या गावाला वाईट वाटलं, आणि सगळ्या गावाला एक प्रश्नही पडला. तो कुणी तोंडावर विचारला नाही. तेवढी पोच माणसं बाळगतात. पण पाठ वळली की कुजबुज सुरू. फुफ्फुसांचा कर्करोग, आणि तोही चाळिशीच्या आत? मैथिलीबाईंनी कधी तंबाखूला हात लावला नाही, बिडी-सिगारेटचं तर नावच सोडा. घरात चूल नाही की धूर नाही. आताच्या पोरांना चूल बघायची तर संग्रहालयात न्यावं लागतं! मग हे झालं कसं? "काहीतरी असल्याशिवाय का होतंय?" असं एक बाई पाण्याच्या टाकीपाशी म्हणाली, आणि नेमकं ते कस्तुरीच्या कानावर पडलं.

आधीच पोर आईवेगळी झालेली, त्यात हे. ती रडली नाही, भांडली नाही. सरळ घरी आली. आईला काय झालं होतं ते शोधून काढायचंच, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

आता हे गाव कसं, ते आधी सांगायला हवं. देगलूरच्या बाजूला, गुलाबी ग्रॅनाइटच्या थोराड धोंड्यांमध्ये वसलेली ही गुंडेवाडी. पूर्वीचा उन्हाळा कसा सोसवण्यासारखा होता, हे म्हातारी माणसं सांगायला लागली की पोरांना ती थाप वाटते. आता पारा पन्नाशीला टेकतो. म्हणून इथं घरटी एक गारखोली असते. घराखालचा खडक फोडून केलेली ही खोली, बाहेर वणवा पेटला तरी आत माठासारखी गार. तिला खिडकी नसते. दाराला रबरी पट्टी असते, आणि दार जरा उघडं राहिलं की वरचं यंत्र कुरकुर करत ते आपोआप ओढून घेतं. गारवा जराही वाया घालवायचा नाही, ही इथली शिस्त.

कस्तुरीच्या घरची गारखोली तिच्या बाबांनी, ओमकारनं, स्वतःच्या हातानं खोदली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मैथिली भोवळ येऊन पडली होती. पुढच्या हिवाळ्यात त्यानं पहार उचलली. मग मैथिली दिवसभर तिथंच बसायची, पडद्यासमोर, लांबलांबच्या शाळांतल्या मुलांना गणित शिकवत. शेवटी आजारीही तिथंच पडली आणि गेलीही तिथंच.

आता तिथं बाबा झोपत आणि कस्तुरीचा पाच वर्षांचा भाऊ शिबू. शिबू दुसरीकडे कुठं डोळाच मिटेना. त्या उशीला आईच्या तेलाचा वास होता. कुणाची हिंमत होती त्याला वर न्यायची?

ऋजुतामावशी, आईची धाकटी बहीण, निरोप मिळताच आली होती. ती हैदराबादेच्या एका प्रयोगशाळेत पदार्थविज्ञानाची संशोधक. कस्तुरीनं तिला एकटं गाठून तो प्रश्न विचारला.  मावशीनं पिशवीतून चुन्याच्या डबीपेक्षा जरा मोठं असं एक यंत्र काढलं आणि म्हणाली, मला एक शंका आहे, पण शंका म्हणजे उत्तर नव्हे.

मग तिनं अगदी पहिल्यापासून सांगितलं. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम नावाचं मूलद्रव्य अगदी चिमूटभर असतं. त्याचे अणू आपले आपणच फुटतात आणि फुटताना दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतात. याला किरणोत्सर्ग (अणूतून कण आणि ऊर्जा बाहेर पडणं) म्हणतात. युरेनियमपासून पायरी पायरीनं रेडियम होतं, आणि रेडियमपासून रेडॉन. इथवर सगळी मंडळी घन, म्हणजे दगडात अडकून पडलेली. रेडॉन मात्र वायू आहे. तो फटीफटींतून वर सरकतो. त्याला ना रंग, ना वास, ना चव. उघड्यावर आला तर वाऱ्यात विरून जातो, कुणाचं काही बिघडत नाही. पण वर बंद खोली असली, तर तो फरशीच्या भेगांतून, नळाच्या कडेच्या फटींतून आत शिरतो आणि साचत राहतो.

"आणि मग?" कस्तुरीनं विचारलं.

मग श्वासाबरोबर आत जातो. रेडॉनचे अणू फुटले की त्यांचे घनरूप वंशज तयार होतात. ते धुळीच्या कणांना आणि फुफ्फुसांच्या आतल्या नाजूक अस्तराला चिकटतात आणि तिथं फुटतात. त्यातून अल्फा कण (अणूतून सुटणारे जड, वेगवान कण) बाहेर पडतात. हे कण कातडीवर पडले तर अडतात, पण फुफ्फुसाच्या आत त्यांना अडवणारं काही नसतं. ते पेशींना इजा करतात. वर्षानुवर्षं असं होत राहिलं, तर एखादी पेशी बिघडून वेडीवाकडी वाढू लागते.

किती अणू फुटतात ते ही डबी मोजते. एक घनमीटर हवेत (मीटरभर लांब, रुंद आणि उंच खोक्यात मावेल एवढ्या हवेत) सेकंदाला एक अणू फुटला तर आकडा एक, म्हणजे घनमीटरला एक बेकरेल. आकडा शंभरच्या आत असावा. तीनशेच्या वर तर मुळीच चालायचा नाही. मावशीनं डबी गारखोलीत, भिंतीपासून दूर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवली.

आकडा आला चाळीस.

कस्तुरीला तेव्हा रडू फुटलं. बघा ना, धोका नाही म्हटल्यावर माणसाला हायसं वाटायला हवं. पण तिला आईवरचा आळ पुसायचा होता, आणि हाती तर काहीच लागलं नव्हतं. मावशीनं तिला जवळ घेतलं. आकडा हा आकडा असतो, आपल्याला हवा तसा तो येत नाही, असं ती म्हणाली, पण तिचेही डोळे भरले होते. तेरावं झाल्यावर ती परत गेली. कस्तुरीनं हट्टानं डबी मागून घेतली, तेवढं मात्र बरं झालं.

हळूहळू घरातली गर्दी ओसरली. भेटायला येणारे थांबले. आणि एका दुपारी कस्तुरीनं गारखोलीत डोकावून पाहिलं तर डबीवर सातशेच्या वर आकडा.

तिला वाटलं, डबी बिघडली. तिनं ती वरच्या ओसरीत ठेवली. दुसऱ्या दिवशी आकडा पंधरा-वीसवर उतरला. पुन्हा खाली ठेवली, पुन्हा चढला. म्हणजे डबी शहाणी होती. मग तेव्हाच चाळीस कसे? तोच खडक, तीच खोली, तीच फरशी. बदललं काय होतं?

कस्तुरी पायरीवर बसून आठवू लागली. आई जिथं गेली तिथं दिवा लावलेला होता. बाया येत, दिव्यापाशी बसत, रडत, आणि 'येतो' न म्हणता उठून जात. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. आणि दुखवट्याच्या घराचं दारही लावत नाहीत. म्हणून गावातच राहणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी दारावरचं यंत्र बंद करून ठेवलं होतं. गारवा गेला तर गेला म्हणाले. तेरावं होईपर्यंत गारखोलीचं दार सताड उघडं होतं! माणसांची ये-जा, वाऱ्याची ये-जा, आणि त्यांच्याबरोबर रेडॉनही बाहेर. एरवी त्या घरात आयुष्यात कधी उघडं राहिलं नव्हतं ते दार, आणि मोजमाप केलं ते नेमकं तेव्हाच.

तिनं मावशीला फोन लावून हे सगळं सांगितलं. 

"दारं-खिडक्या बंद ठेवून मोजायचं, हा आमचा पहिला धडा असतो," मावशी म्हणाली. "मी तो दुसऱ्यांना शिकवते. पण तिथं मी शास्त्रज्ञ म्हणून बसलेच नव्हते गं. ताईची बहीण म्हणून बसले होते."

मावशी आली. पुन्हा रीतसर मोजणी झाली, दार बंद, आत कुणी नाही. शिबूला तेवढ्यापुरतं काकांकडे पाठवलं. आकडा आठशेच्या घरात गेला. मावशीनं बाबांना सगळं समजावून सांगितलं. फरशीला भोक पाडायचं, खाली खड्डा करून त्यात खडी भरायची, तिथून एक नळ थेट छताच्या वर न्यायचा आणि त्यात सूर्यऊर्जेवर चालणारा पंखा बसवायचा. पंखा फरशीखालची हवा सतत ओढत राहतो. मग वायूला खोलीकडे वळायला वावच उरत नाही. भेगा बुजवायच्या त्या वेगळ्या. आणि हे होईपर्यंत शिबूला खाली झोपवायचं नाही.

बाबा ऐकत होते की नव्हते, कोण जाणे. ते फरशीकडे बघत होते.

"मी खोदली ही खोली," ते म्हणाले. "तिला ऊन सोसत नव्हतं म्हणून. म्हणजे मीच..." 

 कस्तुरी आईवरचा आळ पुसायला निघाली आणि तो बाबांवर जाऊन बसला! हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मावशी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. "दाजी, खोटा दिलासा मी देणार नाही. पण खोटा दोषही घेऊ देणार नाही," ती म्हणाली. कढईत ज्वारी टाकली की लाह्या किती फुटतील याचा अंदाज बांधता येतो, पण अमुक एक दाणा कशानं फुटला ते कुणी सांगू शकत नाही. माणसांचंही तसंच. अशा हवेत हजार माणसं राहिली तर इतक्या जणांना हा आजार जास्त होईल, एवढंच विज्ञान सांगतं. ताईचा आजार यामुळेच झाला का, हे कुठलंच यंत्र सांगणार नाही. शिवाय खोली खोदली नसती, तर त्या उन्हानंच तिला नेलं नसतं कशावरून?

बाबांना रडू कोसळलं. आई गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. कस्तुरी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दुसरं काय करणार बिचारी? बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"शिबूचं अंथरूण वर घे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच फरशी फोडली, गवंड्याला हात लावू दिला नाही. नळ बसला, पंखा फिरू लागला, भेगा बुजल्या. काही दिवसांत, दार बंद ठेवूनही, आकडा पन्नासच्या खाली आला आणि तिथंच राहिला. शिबू पुन्हा खाली झोपू लागला. उशीचा वास एव्हाना विरत चालला होता. त्याला कुणाकडे इलाज नव्हता.

एवढंसं भोक, एक नळ, एक पंखा. इतक्यात झालं असतं हे, आई असताना. कस्तुरीच्या मनातून ते जाता जात नव्हतं, आणि का जावं?

पुढच्या आठवड्यात शेजारच्या रेणुकाकाकूंनी तिला डबी घेऊन बोलावलं. या त्याच, पाण्याच्या टाकीपाशी बोललेल्या. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि बाळ-बाळंतिणीची सोय गारखोलीतच केली होती. वारा लागू नये म्हणून दाराच्या बारीकसारीक फटीही चिंध्या कोंबून बुजवल्या होत्या. कस्तुरीनं डबी नीट उंचीवर ठेवली. मोजणी होईपर्यंत दार उघडायचं नाही, आणि तोवर काकूंच्या लेकीला वरच निजवायचं, असं बजावलं.

काकू दारात घुटमळल्या. त्यांना त्या दिवशीचं आठवत असावं.

"पोरी, तुझी आई यानंच गेली का गं?"

 हो म्हणणं किती सोपं होतं. सगळ्या गावाचं तोंड एका शब्दात बंद झालं असतं.

"ते आता कधीच कळणार नाही, काकू," कस्तुरी म्हणाली. "पण तुमच्या घरातलं कळेल."

आणि तिनं बाहेर येऊन दार नीट लावून घेतलं.