वाढत्या अंगाचा पॉवर सप्लाय

मानवजातीने विजेचा प्रश्न इसवी सन २०४८ मध्ये कायमचा सोडवला. सहावीच्या पाठ्यपुस्तकात तसं ठळक अक्षरांत छापलेलं आहे. मिरजेच्या सूर्यकिरण सोसायटीतल्या मुलांना हा धडा मेणबत्तीच्या उजेडात वाचावा लागे, कारण तिथे रोज संध्याकाळी आठच्या सुमारास वीज जायची.

सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल होती आणि तळमजल्यावर आठ घरांची मिळून एक मोठी बॅटरी. ती दिवसा भरायची आणि रात्रभर पुरायची. गेल्या वर्षापासून पुरेना. ती संपली की थेट सकाळी ऊन येईपर्यंत अंधार. मग कमिटीने विचार केला, म्हणजे दोनदा चहा घेतला, आणि दक्षला कामाला लावलं. दक्ष हा सोसायटीचा रोबो. वर्षभरापूर्वी हौसेने आणला होता, पण त्याला नेमकं काम असं नव्हतं.

आता नियम झाला. दिवसरात्र प्रत्येक घराला हजार वॉट (वीज किती वेगाने वापरली जाते ते मोजायचं एकक). दक्ष घरोघरी जाऊन प्रत्येक उपकरणाच्या पाठीवरचं लेबल वाचायचा, बेरीज करायचा आणि हजाराच्या पुढे गेली की शेवटच्या उपकरणाला लाल सील ठोकायचा.

काळसेकरांच्या घरी शेवटचं उपकरण होतं नीरजाचा कॉम्प्युटर.

"फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही मिळून पाचशे," दक्ष म्हणाला. "कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, बाराशे. एकूण सतराशे. सील."

"अरे, थांब ना! शनिवारपर्यंत तरी!" नीरजा ओरडली.

तिचं ओरडणं रास्त होतं. एका रेडिओ दुर्बिणीने मुलांना आकाशाच्या नोंदींचे तुकडे वाटले होते. त्यात स्पंदक तारा (नाडीसारखे ठोके देत रेडिओ लहरी सोडणारा तारा) आहे का, ते कॉम्प्युटरवर शोधायचं. तारा सापडो न सापडो, जो शनिवारी रात्रीपर्यंत शोध पूर्ण करेल, त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत दुर्बिणीखालच्या शिबिराला जायला मिळणार होतं. नीरजाचं अर्ध्याहून जास्त आकाश बाकी होतं.

बाबा सेक्रेटरी उपासनींकडे गेले आणि तोडगा घेऊन आले. लहान लेबलाचा पॉवर सप्लाय (कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बसवा. त्यांनी तीनशे वॉटचा बसवला. दक्षने बेरीज केली, आठशे, आणि सील काढलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. नीरजाने शोध सुरू केला. टप्! स्क्रीन काळी. पुन्हा सुरू केला, छान चालला. शोध सुरू केला. टप्!

"नुसता बसलेला असला की ठीक असतो, काम सांगितलं की बेशुद्ध पडतो," नीरजा म्हणाली.

"कमिटीत घ्या त्याला," आजोबा पेपराआडून म्हणाले.

आजोबांनी आयुष्यभर उपग्रहांच्या वीजपुरवठ्यावर काम केलं होतं. तिथे एक वॉट जास्त मागितला की साहेब खिडकीबाहेर बघायला लागायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नसे, त्यामुळे ते न विचारता बोलत.

"तो बाराशेचा घेतला कोणी?"

"मी," बाबा म्हणाले. "म्हटलं, असू दे, पुढेमागे लागेल."

"दुकानदाराला हे वाक्य फार आवडलं असेल. या पोरीचा युनिफॉर्म बघ. वाढत्या अंगाचा. बाह्यांतून बोटं बाहेर यायला दहावी उजाडेल. कॉम्प्युटरचं अंग वाढतं का रे?"

"पण आजोबा, बाराशेचा असला तर बाराशे वॉट खाणारच ना?"

"चल स्वयंपाकघरात."

आजोबांनी ओट्यावर तीन पातेली मांडली. एक लहान, एक मध्यम, एक पाहुणे आल्यावरचं.

"दूध अर्धा लिटर. हे थोरलं पातेलं घेतलं तर दूध वाढेल?"

"नाही. अर्धा लिटरच राहील."

"तसंच. लेबलावरचा आकडा म्हणजे पातेलं केवढं, ते. दूध किती, ते नाही. पॉवर सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढंच लेबल सांगतं. घेतो किती, ते आतल्या भागांवर ठरतं."

मग त्यांनी दूध मोजलं. प्रोसेसर (सगळी मुख्य आकडेमोड करणारा भाग) एकशे दहा वॉट. ग्राफिक्स कार्ड (चित्रं आणि एकाच वेळी ढीगभर गणितं करणारा भाग) एकशे ऐंशी. बाकी बोर्ड, पंखे, मेमरी धरून पन्नास. एकूण तीनशे चाळीस.

"म्हणजे तीनशेच्या पातेल्यात मावतच नाही!"

"आणि दूध उकळतं तेव्हा?"

"वर येतं."

"ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. काम अंगावर आलं की क्षणभर दीडशे-पावणेदोनशे वॉट जास्त ओढतं. पॉवर सप्लाय म्हणतो, झेपत नाही, आणि भाग जळू नयेत म्हणून स्वतःच बंद होतो. तुझा टप् तो हाच."

"मग उतू जाणार नाही एवढी जागा सोडायची. पाचशे पंधरा... साडेपाचशेचा पुरे?"

"पुरे. बाराशेच्यात बिघडत काही नाही. पण थोरल्या पातेल्यात कपभर दूध तापवलं की पातेलंच तापवण्यात थोडी आच वाया जाते, तेवढं नुकसान. आणि दुकानदाराचा फायदा."

साडेपाचशेचा मात्र चालणार नव्हता. पाचशे अधिक साडेपाचशे, पन्नास वॉट जास्त. आजोबांनी जुनाच बाराशेचा परत बसवला, प्लगपाशी मीटर लावला आणि उपासनींना बोलावलं. शोध जोरात चालू होता. मीटर दाखवत होता पावणेचारशे.

"पॉवर सप्लाय स्वतःही थोडी वीज उष्णतेत घालवतो, ती धरून," नीरजाने समजावलं. "काका, बघा ना, हजारात बसतंय!"

"बसतंय गं बाळा," उपासनी हळहळत म्हणाले. "पण सर, ठरावात 'लेबल' शब्द आहे. 'मीटर' शब्द नाही. पुढच्या महिन्याच्या सभेत मांडू."

ते गेल्यावर आजोबांनी कॉम्प्युटर बंद केला. मग त्यांनी गरम पाण्यात फडकं बुडवलं आणि पॉवर सप्लायचं लेबल खरवडून काढलं.

दक्ष आला. पुढून, मागून, खालून बघितलं. "लेबल नाही. नोंद शून्य वॉट."

"शून्य?" नीरजा म्हणाली. "अरे, पंखा फिरतोय त्याचा!"

"गप गं," आजोबा म्हणाले. "त्याला विचार करायला लावू नकोस. तापेल."

शनिवारी संध्याकाळपर्यंत शोध जवळजवळ संपला. आठला वीज जाण्याआधी होणार, असा नीरजाचा हिशेब होता आणि तो बरोबर होता. फक्त त्या दिवशी दक्ष शून्याची खातरजमा करायला आणखी दोनदा चार जिने चढून आला, दमला आणि रोजच्यापेक्षा लवकर जागेवर परतला.

सव्वासातला वीज गेली.

नीरजा रडली नाही. टॉर्च घेऊन जिना उतरली. आजोबा मागोमाग. तळमजल्यावर बॅटरीशेजारी दक्षचा चार्जर होता. त्याची वायर आजोबांच्या अंगठ्यापेक्षा जाड होती.

"एवढ्या वायरीतून सहा घरांची वीज जाते," आजोबा म्हणाले. "वर्षभर मी वरच्या वर पेपर वाचत बसलो."

नीरजाने चार्जर पुढून, मागून, खालून बघितला. "दक्ष, याची नोंद किती?"

"लेबल नाही. नोंद शून्य वॉट."

"उद्या ऊन आलं की मीटर लावू याला," नीरजा म्हणाली. "आणि दिवाळीत पुन्हा शिबिर असतं."

"असतं," आजोबा म्हणाले.

आठही घरांत अंधार होता. दक्ष शंभर टक्के चार्ज झाला होता.