एका ताटाचा ऐवज

"चोरी झाली आहे, पण पोलिसांत सांगायची लाज वाटते," रूपाली म्हणाली आणि पाणी न पिताच ग्लास खाली ठेवला.

पालघर स्टेशनजवळच्या त्या दीड खोलीच्या ऑफिसात हिमानी सावेकडे येणारी माणसं बहुतेक लग्नाआधी मुलाची चौकशी करवून घ्यायला येत. चोरीचं प्रकरण म्हटल्यावर तिचा सहायक भावेश खुर्ची पुढे ओढून बसला. भावेश दांडी गावचा. मनाने सरळ. त्याची मोटारसायकल जोरात पळे, डोकं मात्र सावकाश.

"काय गेलं?" हिमानीने विचारलं.

"तांदूळ, तूरडाळ, कणीक. गुळाचा खडा, वाटीभर तूप, थोडं मीठ, दोन बटाटे. दर महिन्याला एकदा."

भावेशचं पेन थांबलं. "बस? एवढ्यासाठी डिटेक्टिव?"

"एवढ्यासाठीच एका बाईचं नाव खराब होतंय," रूपाली म्हणाली. "भागी आठ वर्षं आमच्याकडे कामाला आहे. मासवणहून येते. मनीष, माझा नवरा, उद्या तिला काढणार आहे. कॉलनीतल्या सगळ्या घरांना कळवणार आहे. ती चोर नसेल तर केवढं पाप!"

हिमानीने चपला घातल्या.

बोईसरच्या त्या रो-हाऊसला गॅरेज होतं, गाडी नव्हती. रूपालीने तिथे छतापर्यंत रॅक ठोकून वर्षाचं सामान लावलं होतं. पारदर्शक डबे, त्यांवर चिठ्ठ्या, आणि प्रत्येक डब्यावर आतला माल कुठवर आहे ते दाखवणारी मार्करची रेघ. भावेशला एवढी टापटीप बघून धडकीच भरली.

"या रेघांमुळेच कळलं," रूपाली म्हणाली. "नऊ नोव्हेंबर, आठ डिसेंबर, सात जानेवारी, सहा फेब्रुवारी, सात मार्च आणि आता सहा एप्रिल. दरवेळी आदल्या दिवशी माझा उपवास, साबुदाणा काढायला आले तेव्हा सगळं रेघेपर्यंत होतं. दुसऱ्या दिवशी खाली."

"काजू? तेलाचा डबा?"

"हातसुद्धा लावलेला नाही."

भावेश वरच्या रांगेकडे बघत होता. "पापड, कुरडया, सांडगे. चिठ्ठ्या हायेत, डबे रिकामे. आमच्याकडे तर आता गच्चीवर पाय ठेवायला जागा नाय."

"सासूबाई यंदा नको म्हणाल्या. शेजारच्या हिराकाकू लाटायला बोलवायला आल्या, तिथेही गेल्या नाहीत. दरवर्षी सासूबाईंशिवाय कुणाचं पीठ मळलं जात नसे." रूपालीने आतल्या दाराकडे पाहून आवाज उतरवला. "मला बरंच वाटलं. यंदा आमच्या घरात करायचेच नाहीत. पण ते त्यांना कसं सांगू?"

"का करायचे नाहीत?"

रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटा दीर अक्षय वापीला कामाला होता. ऑक्टोबरमध्ये आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी तो तिला भेटायला मोटारसायकलवरून निघाला आणि हायवेवरच अपघातात गेला. डॉक्टर म्हणाले, बाईंना धक्का सोसणार नाही. मनीषने परस्पर सगळं उरकलं. आईला सांगितलं, अक्षयला जहाजावर नोकरी लागली, तिथे रेंज नसते.

"पहिले काही दिवस विचारायच्या," रूपाली म्हणाली. "मग विचारणं थांबलं."

गॅरेजला घरातून दार होतं. रूपाली सकाळी शाळेत शिकवायला जाई, मनीष शिफ्टला. तेवढ्या वेळात घरात दोघीच, सासूबाई राहीबाई आणि भागी.

"म्हणजे भागीच!" मनीष तावातावाने म्हणाला. नुकताच कामावरून आला होता. "आई काय स्वतःच्या घरात चोरी करेल? भागीने मागितलं असतं तर पोतं दिलं असतं मी. पण चोरून नाही."

भागी मागच्या अंगणात भांडी घासत होती.

"मी चोरी नाय केली, बाय."

"मग कुणी केली?" हिमानीने विचारलं.

"चोरी कोनीच नाय केली."

"उद्या काढतील तुला. दुसरीकडेही काम मिळणार नाही."

"काढू दे." तिने पातेलं उपडं घातलं. आणि पुढचं भांडं घासायला घेतलं.

राहीबाई पलंगावर लसूण सोलत बसल्या होत्या. परभणीकडची बाई, रंग उतरलेला, आवाज खणखणीत.

"मोठा लेक लई जीव लावतो," त्या म्हणाल्या. "मी दवाखान्यात होते, तर तिरुपतीला जाऊन केस दिले माझ्यासाठी. गुळगुळीत डोकं घेऊन आला."

"मग लाडू मिळाला असेल तिरुपतीचा?"

लसूण सोलणारी बोटं थांबली. "नाही बाई. इसरला असंल."

"आणि धाकटा?"

"जहाजावर हाय म्हणतात."

 हिमानी बाहेर आली आणि पायरीवर बसली. भावेशने विचारलं, "कॅमेरा लावू का?" तिने नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला चोर सापडल्याचं वाईट वाटत होतं.

संध्याकाळी सगळे गॅरेजमध्ये जमले. हिमानीने राहीबाईंना बोलावलं नव्हतं, पण मनीषचा चढलेला आवाज ऐकून त्या भिंतीला धरून आल्या आणि भागीच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"मावशी, सांगू?" हिमानीने विचारलं.

"सांग. हिच्या माथी चोरी नको."

हिमानीने हळू आवाजात सुरुवात केली. "चोर असता तर काजू नेले असते. हे एका ताटाचं माप आहे. तांदूळ, डाळ, कणीक, तूप, गूळ, मीठ, भाजी. भावेश, असं कोरडं सामान एकत्र कुणाला देतात?"

भावेशने डोकं खाजवलं. "भटजीला. शिधा म्हणून."

"आता तारखा. इंग्रजी महिन्यात त्या पुढेमागे होतात. पण दरवेळी आदल्या दिवशी रूपालीचा उपवास. महिन्यातून एकदा, कसला?"

"संकष्टीचा," रूपाली पुटपुटली.

"म्हणजे चोरी दरवेळी वद्य पंचमीला. दर महिन्याला ठरल्या तिथीला शिधा गेलेल्या माणसाच्या नावानेच निघतो. आणि ज्या घरात माणूस गेलंय, त्या घरात वर्षभर पापड-कुरडया होत नाहीत. रूपालीला ते ठाऊक होतं, म्हणून तिने केल्या नाहीत. मावशींना काहीच ठाऊक नव्हतं, तर त्यांनी का केल्या नाहीत?"

मनीषचा चेहरा पांढरा पडला. "पण आईला कोण सांगणार? आम्ही कुणालाच..."

"तुमच्या डोक्याने सांगितलं. तिरुपतीहून आलेला माणूस लाडू आणत नाही, असं कधी झालंय का? वडील तर कधीच गेले, मग मोठ्या भावाने मुंडण कुणासाठी केलं?"

"दहाव्याला करतात," राहीबाई म्हणाल्या. "दहा दिवस मागं मोजले. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणला व्हता. आला नाही. दवाखान्यातच कळलं मला, मनीष."

"आई, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं माझ्यासाठी हसत व्हता. सूनबाई मोरीत नळ सोडून रडायची, ऐकू यायचं मला. म्हटलं, मी मोडले तर हे लेकरं कुणाच्या जिवावर उभे राहतील? पण लेकराला उपाशी कसं ठेवू? भटजीला बोलावलं तर तुम्हाला कळंल. म्हणून भागीला म्हणलं, तू ने, पोरांसंगं पोटभर जेव, त्याला पोचंल. कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली."

"शपथ मोडली आसती तर अक्षयदादाला शिधा पोचला नसता," भागी म्हणाली. दादाचं नाव घेताना तिला हुंदका आला.

मनीषने भागीपुढे हात जोडले.  रूपालीने सासूला धरलं. भावेश तोंड फिरवून रॅककडे बघत राहिला, डबे वाचत असल्यासारखा, आणि डोळे पुसत होता.

"एकच राहिलंय, मनीष," राहीबाई म्हणाल्या. "कुठं निघाला व्हता तो?"

मनीषने हिमानीकडे पाहिलं. हिमानीने मान खाली घातली. याचं उत्तर तिने शोधायचं नव्हतं.

"तुझ्याकडेच, आई."

राहीबाईंनी मान हलवली. दोनदा. मग सहा महिन्यांत पहिल्यांदा लेकाचं नाव घेऊन त्यांनी एवढ्या मोठ्याने हंबरडा फोडला, की शेजारच्या हिराकाकू अनवाणी धावत आल्या.