पात्रता : सोबत बसणे

पुरुषांच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना समोरच्याची लायकी ठरवायला फार वेळ लागत नसे. परिचारिकांच्या ऑनलाइन ग्रुपच्या ॲडमिन झाल्यापासून तर हे त्यांचं आवडतं कामच झालं होतं. ज्याला नावापुढे पदवी मिरवायची असेल, त्यानं नोंदणीपत्राचा फोटो सिस्टरना पाठवायचा. सिस्टर तो मोठा करून बघायच्या आणि बहुतेकदा नाक मुरडायच्या. खुद्द त्यांच्या नावामागचं पदव्यांचं शेपूट नावापेक्षा लांब होतं.

"दोन महिने कुठेतरी बँडेजं गुंडाळली, की झाल्या या नर्स!" असं त्या घरी नवऱ्याला ऐकवायच्या. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे बिचाऱ्याला चटकन उठून जाताही यायचं नाही.

त्या दिवशी दुपारची औषधं वाटून झाल्यावर सिस्टर टेबलाशी बसल्या आणि फोन उघडला. ग्रुपमधल्या एका नव्या सदस्येची पडताळणीची विनंती होती. नाव 'सोबती'. पात्रता म्हणून एवढंच लिहिलेलं : सोबत बसणे.

सिस्टरना हसूच फुटलं. त्यांनी ते सगळ्या ग्रुपसमोर टाकलं आणि वर लिहिलं, "बसायला शिकवणारं कॉलेज कुठलं हो बाई? आमचा वॉचमनही दिवसभर बसतोच की!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग त्यांनी तिला खासगीत विचारलं, "पुरावा?"

उत्तरादाखल एक फोटो आला. खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा, झोपलेले, अगदी जवळून. सलाईनची बाटली अर्धी झालेली. चादरीवर सकाळी सांडलेल्या औषधाचा गुलाबी डाग.

त्यांचाच वॉर्ड. आजचाच दिवस.

सिस्टर तणतणत उठल्या. "पेशंटचे फोटो कोण काढतंय इथे?"

"मॅडम, इकडे कुणीच आलं नाही," ज्युनिअर सिस्टर गांगरून म्हणाली.

सिस्टर खाटेपाशी गेल्या. फोटो आजोबांच्या उजव्या अंगानं काढला होता. उजवीकडे भिंत होती. खाट तिला इतकी चिकटलेली, की मधे हातही शिरेना.

आजोबांनी डोळे उघडले. "गेल्या का त्या?"

"कोण?"

"दुसऱ्या सिस्टर. हात धरून बसल्या होत्या. तुमच्यासारख्या खेकसत नाहीत."

"दुसरं कुणी नाही इथे. झोपा गुपचूप."

आजोबा झोपले. चहाची गाडी वॉर्डात यायच्या आत ते गेलेही. डॉक्टरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. वय झालं होतं.

सिस्टरनाही विशेष वाटलं नाही. निदान त्यांनी तसं ठरवलं. कुणीतरी आगाऊ कार्टी खोडसाळपणा करते आहे, दुसरं काय! त्यांनी सोबतीला ग्रुपमधून काढून टाकलं. नाव हललं नाही. पुन्हा काढलं. नाव तिथेच, आणि आता त्यापुढे पडताळणीची निळी खूण.

ती खूण देण्याचा अधिकार फक्त सिस्टरना होता. त्यांनी ती दिली नव्हती.

हातातला फोन थरथरला. दुसरा फोटो.

दिवाण. त्यांच्या घरचा. प्लास्टरमधला पाय उशीवर, आणि नवरा तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला.

सिस्टरनी घरी फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

"अहो, घरात कोण आहे?"

"आता कुणी नाही." नवऱ्याचा आवाज झोपेनं जड, पण सुखावलेला. "ती बाई एवढ्यात गेली. कुणाला तरी पाठवलंस ते बरं केलंस हं. फार गुणी गं. एक शब्द बोलली नाही, नुसती हात धरून बसली."

सिस्टर युनिफॉर्मवरच टॅक्सीत बसल्या. अशा बायकांना दोन शब्दांत जागा कशी दाखवायची, ते त्या वाटेत जुळवत होत्या. शब्द जुळेनात.

दार आतून बंद होतं, कडीसुद्धा लावलेली. नवरा कुबड्या टेकत आला, दार उघडून पुन्हा दिवाणावर बसला आणि बिस्किट खाऊ लागला. चेहरा कधी नव्हे इतका टवटवीत.

"एवढी धावत का आलीस?"

सिस्टरनी त्याचा हात हातात घेतला. नाडी व्यवस्थित होती.

मनगटावर तीन बोटांचे ठसे होते. पांढरे. कातडी दाबून धरली की उमटतात तसे, पण एरवी बोट उचललं की क्षणात तिथे रंग भरतो.

सिस्टर बघत राहिल्या.

"काय बघतेस?" नवऱ्यानं आणखी एक बिस्किट घेतलं.

रंग भरत नव्हता.