समोरची खुर्ची

उधन्याहून भेस्तानला जाणारी बस खचाखच भरली होती आणि सुकदेवच्या छातीशी एक लांबट लाकडी पेटी होती. दांडा धरायला हात मोकळा नव्हता. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तसा तो पेटीसकट पुढे गेला आणि एका सीटला कसाबसा टेकला.

"द्या इकडे, मी धरते मांडीवर," सीटवरची मुलगी म्हणाली.

तिच्या मांडीवर पोंकाचा, म्हणजे भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा, पुडा होता. तो तिनं बाजूला सारला आणि पेटी घेतली. जरीच्या कारखान्यात कामाला असावी. बोटांच्या पेरांवर सोनेरी कण चिकटलेले होते.

"जपून धरा," सुकदेव म्हणाला.

"का? आत मूल झोपलंय का?"

"व्हायोला आहे."

"म्हणजे?"

"व्हायोलिनची थोरली बहीण म्हणा."

"रडते का?"

"वाजवणारा कच्चा असला तर रडते."

"मग तुमची...?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. ती खिडकीबाहेर बघत पोंक खाऊ लागली, पण तिच्या गालावरचं हसू काही लपलं नाही. उतरताना त्यानं पेटी घेतली आणि म्हणाला, "रविवारी शाळेच्या ओट्यावर श्रीपतमामांचा वर्ग असतो. या आणि स्वतःच्या कानांनी ऐका, रडते की गाते."

"बघू," ती म्हणाली. आणि रविवारी आली.

ते सदुसष्ट साल होतं. ती मिलमध्ये कामाला असलेल्या उखाची मुलगी सुंदरा. माणसं साक्रीकडची, पण ती वाढली सुरतेतच.

सुकदेव ज्या संचात वाजवायचा तसा दुसरा संच तेव्हा सुरतेत नव्हता. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. चौघेही खानदेशातून पोट भरायला आलेल्या घरांतले. नानपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या पारशी शिक्षकानं त्यांना हे विलायती वाजवणं शिकवलं होतं. पहिलं व्हायोलिन श्रीपतमामांचं, दुसरं पंडितचं, व्हायोला सुकदेवची. चेलो वाजवायचा भटू, आणि ते धूड सायकलच्या कॅरिअरला बांधून गावभर फिरायचा. पारशांची लग्नं, त्यांच्या मुलांच्या मुंजीसारख्या नवजोती, गुजराती नाटकं, शाळांची संमेलनं, जिथून बोलावणं येई तिथे चौघे जात. आधी मिलच्या पाळ्या सांभाळून जात, मग हळूहळू मिल सुटली आणि वाजवणं हाच धंदा झाला. रविवारी सकाळी वस्तीतल्या मुलांना शिकवायचं, हे त्या म्हाताऱ्या शिक्षकाला दिलेलं वचन होतं.

श्रीपतमामांची शिकवायची रीत वेगळी होती. पहिले काही महिने वाद्य हातात मिळायचंच नाही. चार-चार जणांना गोल बसवायचे आणि टाळी वाजवायला सांगायचे. एक-दोन-तीन म्हणायचं नाही, मान हलवायची नाही. एकानं श्वास घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा, आणि टाळी एक पडली पाहिजे.

"आपल्यात हात हलवणारा पुढे कुणी उभा नसतो," मामा म्हणायचे. "समोरच्याकडे बघा. डोळे खाली गेले की वाजवणं गेलं."

मुली लाजायच्या, पोरं खिदळायची. सुंदराच्या समोर नमुना म्हणून सुकदेवला बसवलं होतं. तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं, श्वास घेतला आणि टाळी वाजवली. सुकदेवची टाळी मागून आली.

"मास्तर, तुमचीच चुकली," ती म्हणाली.

"तू लवकर वाजवलीस."

"मी श्वास घेतला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

त्या दिवसापासून ती त्याला मास्तर म्हणायला लागली. म्हणायची अशी, की त्यात मान कमी आणि खोडी जास्त.

ती शिकत गेली. जरीची बारीक तार हाताळून बोटं हलकी झाली होती, पण गज धरताना मनगट ताठ व्हायचं. सुकदेव म्हणायचा, "सोड... अजून सोड. पडला तर मी उचलेन." ती म्हणायची, "गज की मी?" आणि तो गजाला लावायच्या राळेची डबी शोधायला उठायचा. डबी समोरच असायची.

तीन वर्षांत ती इतकी तयार झाली, की सिनेमात वाजवायला पंडित मुंबईला गेला तेव्हा श्रीपतमामांनी दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची सुंदराची, असं त्यांनी सांगून टाकलं. ती खुर्ची व्हायोलाच्या अगदी समोर असते.

उखाच्या घरी मात्र वादळ झालं. तरण्याताठ्या मुलीनं परक्या मांडवात, तीन पुरुषांत बसून वाजवायचं? लोक काय म्हणतील? शेवटी श्रीपतमामा स्वतः गेले आणि उखाच्या हातात हात देऊन म्हणाले, "माझी लेक म्हणून नेईन आणि आणून सोडेन. आमच्यातलं कुणी तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघणार नाही. हा माझा शब्द." सुकदेव आणि भटू मागे उभे होते. दोघांनी माना हलवल्या.

भटूला त्या शब्दाचं ओझं वाटलं नाही. सुकदेवला वाटलं. कारण आपली नजर कशी आहे, हे त्याला बसमधल्या त्या दिवसापासून ठाऊक होतं. उखानं आपल्या भरवशावर मुलगी पाठवली आहे, तेव्हा तिच्याकडे बघायचंच नाही, असं त्यानं ठरवलं. तालमीत तो स्वरलिपीच्या कागदावर डोळे रोवून बसू लागला. स्वर बरोबर लागायचे, पण सगळं कोरडं वाटायचं. सुंदरा दोनदा खाकरली. त्यानं वर बघितलं नाही.

मग नानपुऱ्यातलं एक लग्न आलं. बागेत गुलाबपाण्याचा वास होता, टेबलांवर पांढऱ्या चादरी होत्या. जेवणाआधी एक संथ गत वाजवायची होती. तिच्या मध्यावर सगळं थांबतं, आणि दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला दोघंच हळूच पुन्हा सुरू करतात. सुंदरानं श्वास घेतला. सुकदेव कागद बघत होता. त्याला ते दिसलं नाही, त्यानं गज उचललाच नाही. त्याला एकटं मागे टाकायचं नाही म्हणून तिनं उचललेला गज तसाच धरून ठेवला आणि वाट बघितली. तो घाईनं एकटाच वाजवू लागला तेव्हा ती थांबलेली होती. गत तिथेच मोडली. पाहुण्यांत कुणीतरी हसलं. मामांनी कसंबसं सावरून नेलं.

मामांनी ऐकलं ते एवढंच, की दुसरं व्हायोलिन सुरूच झालं नाही.

"पोरगी गुणी आहे," परतताना ते सुकदेवला बाजूला घेऊन म्हणाले, "पण मांडवात घाबरते. भरूचला एक जण आहे, त्याला बोलावतो. हिला रविवारी मुलांना शिकवायला ठेवू."

चूक आपली होती हे सांगायचं सोडून सुकदेव भटूचा चेलो सायकलला बांधू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरानं त्याला नळापाशी गाठलं. हातात रिकामी कळशी होती.

"मास्तर, मला काढतायत ते ठाऊक आहे ना?"

"हो."

"चूक कुणाची होती?"

"...माझी."

"मग का बघितलं नाही माझ्याकडे? तीन वर्षं मला शिकवलंत, डोळे खाली गेले की वाजवणं गेलं. आणि स्वतः?"

"मामांनी तुझ्या बाबांना शब्द दिलाय."

"वाकडं बघायचं नाही, असा दिलाय. बघायचंच नाही असा नाही. सरळ बघा की!"

सुकदेव कळशीकडे बघत म्हणाला, "सरळच बघतो गं. पण बघितलं की... मग हटत नाही."

नळ वाहत राहिला. सुंदरानं तो बंद केला. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज ठाम होता. "हे मला तीन वर्षांपूर्वीच कळलंय. आता जिथं सांगायचं तिथं सांगा. माझी खुर्ची तुमच्या लाजेपायी जायला नको."

सुकदेव आधी मामांकडे गेला. सगळं ऐकून मामांनी पुसत असलेलं व्हायोलिन खाली ठेवलं. मग म्हणाले, "भरूचला आज कळवणार होतो, ते तू उखाशी बोलेपर्यंत थांबवतो. पण शब्द मी उखाला दिलाय. त्याला तू सांग. तो पोरीला घरी बसवेल, हे धरून जा."

तेच भय सुकदेवला होतं. बोललं नाही तर तिची खुर्ची जाणार, आणि बोललं तर कदाचित खुर्चीही जाणार आणि तीही. तरी तो गेला.

उखा ओट्यावर विडी ओढत बसला होता. "काय जयं रे?" त्यानं अहिराणीत विचारलं.

सुकदेवनं आडवळण घेतलं नाही. लग्नातली चूक आपली होती, ती का झाली, आणि सुंदराशी आपल्याला लग्न करायचं आहे, हे त्यानं एका दमात सांगितलं. घरात भांडं पडल्याचा आवाज आला. सुंदराची आई काशीबाई दारात येऊन उभी राहिली. "माय वं!" एवढंच ती म्हणाली.

उखानं विडी विझवली. "ती तुन्हापेक्षा बेस वाजाडस का?"

"हो."

"लगीन झाल्यावर घरात बसवशील?"

"बसवलं तर मलाही बसावं लागेल, बाबा. तिच्याशिवाय मला सुरुवात सापडत नाही."

आईच्या मागून सुंदरा पुढे आली. "बाबा, लग्न करीन तर यांच्याशीच. पण त्यापायी वाजवणं सुटणार असेल, तर लग्न नको. आणि तुम्ही लग्नाला नाही म्हणालात, तरी वाजवणं सुटणार नाही."

"घ्या!" काशीबाई म्हणाली. "हिनं आपल्याला ठरवायला ठेवलं काय?"

उखा हसला नाही, पण त्याच्या मिशीचं टोक हललं. "श्रीपत म्हणाला होता, वाकडी नजर नको. हा तर सरळ दारातून आला." मग तो सुकदेवला म्हणाला, "गावाकडून माणसं बोलावतो. बैठक होऊ दे. आता जा, तुमची तालीम असेल ना?"

दोघं निघाली. "अंतर ठेवून चाला रे, अजून सुपारी फुटायची आहे!" काशीबाई मागून ओरडली. अंतर ठेवलं, पण फार नाही.

वळणावर सुंदरा म्हणाली, "आता मास्तर म्हणू की अहो म्हणू?"

"तालमीत मास्तर."

"आणि घरी?"

"घरी तू ठरव."

ती थोडं चालली, मग थांबली. "घरी माझी एकच अट. तुम्हाला वाढून मी चुलीपाशी मागून जेवणार नाही. दोघांनी समोरासमोर बसून जेवायचं."

"बसेन," सुकदेव म्हणाला.

आणि लग्नानंतर तो रोज बसला. ती होती तोवर.